महासाथीत सीमा बंद झाल्या तेव्हा: परदेशी राहणारे, त्यांचे व्हिसा आणि ओस पडलेली पर्यटनस्थळं

उंबरठा

करोनाकाळातल्या प्रवासबंदीबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहिलं गेलंय. कोणी विमानाच्या तिकिटांबद्दल, कोणी विलगीकरणाबद्दल. पण नोकरीसाठी किंवा लग्नामुळे दुसऱ्या देशात राहणाऱ्यांचं काय झालं आणि तिथल्या पर्यटनाचं काय झालं, हे दोन विषय एकत्र बोलले गेले नाहीत. ते एकत्रच बोलायला हवेत असं मला वाटतं, म्हणून हा धागा.

मी थायलंडमध्ये शिकवते. सीमा बंद झाल्या याबद्दल माझी तक्रार नाही, पहिल्या महिन्यांत दुसरा उपाय कोणाकडेच नव्हता. तक्रार आहे ती दारं उघडताना लावलेल्या क्रमाबद्दल.

इथे २६ मार्च २०२० ला आणीबाणीचा आदेश निघाला आणि ४ एप्रिलपासून येणारी प्रवासी विमानं थांबली. आत अडकलेल्या परदेशी लोकांना सरकारने चांगलं वागवलं, हे आधी सांगायला हवं. सुरुवातीला व्हिसाची मुदत वाढवायला इमिग्रेशनच्या कार्यालयांबाहेर प्रचंड गर्दी झाली. साथ टाळायला सांगणाऱ्या सरकारच्याच दारात माणसं खेटून उभी! मग २६ मार्चपासून संपणाऱ्या सगळ्या व्हिसांना सरसकट माफी मिळाली, आधी ३० एप्रिलपर्यंत, मग ३१ जुलैपर्यंत, नंतर २६ सप्टेंबरपर्यंत. दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याची अटही तेवढ्यापुरती बाजूला ठेवली.

पण त्या आठवड्यात जे देशाबाहेर होते ते बाहेरच राहिले. वर्क परमिट असलेले आणि थाई नागरिकांचे पती किंवा पत्नी यांना जुलै २०२० पासून परत येता येऊ लागलं, तेही दूतावासाचं प्रवेशपत्र, एक लाख डॉलरचा विमा आणि स्वतःच्या खर्चाने १४ दिवसांचं हॉटेल विलगीकरण, एवढं सगळं जमवून. निवृत्तीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्यांचा नंबर आणखी उशिरा लागला, जवळपास त्याच सुमारास जेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये खास पर्यटक व्हिसा निघाला. ज्यांचं इथे भाड्याचं घर, गाडी, बँकखातं, कुत्रं-मांजर सगळं होतं, ती माणसं आणि पहिल्यांदा समुद्रकिनारा बघायला येणारी माणसं एकाच रांगेत!

यात एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. इथून बाहेर जाताना री-एंट्री परमिट घेतलं नाही तर मुक्कामाची परवानगी तिथेच संपते. घेतलं असलं तरी ते मूळ परवानगीच्या तारखेपर्यंतच चालतं. ती तारीख बाहेर असताना उलटली की सगळं पहिल्यापासून. कित्येकांची ती तारीख बंद सीमेपलीकडे उलटून गेली.

तुमच्याकडे काय झालं, लिहा.

हिशेबनीस

चांगला धागा. पर्यटनाची बाजू मी मांडतो.

२०१९ मध्ये जगभरात आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या सुमारे १४६ कोटी होती. २०२० मध्ये ती साधारण १०० कोटींनी घसरली. थायलंडमध्ये २०१९ ला जवळपास ४ कोटी परदेशी पाहुणे आले होते, २०२१ मध्ये साडेचार लाखसुद्धा नाहीत. जपानचा २०१९ चा आकडा ३ कोटी १८ लाखांच्या वर, २०२१ चा अडीच लाखांच्या आत. बालीत तर २०१९ मध्ये ६० लाखांहून अधिक परदेशी आले होते आणि २०२१ च्या अधिकृत नोंदीत ते शंभरही भरत नाहीत. लेंबोंगान, पेनिडा या शेजारच्या बेटांवरची माणसं पर्यटकांच्या होड्या सोडून पुन्हा समुद्रशेवाळाच्या शेतीकडे वळली.

मग सगळीकडे एकच उपाय निघाला, देशातल्याच लोकांना फिरवा. इथे उंबरठा यांचा मुद्दा नेमका लागू पडतो. जपानने २२ जुलै २०२० पासून 'गो टू ट्रॅव्हल' योजनेत प्रवासखर्चाचा जवळपास निम्मा भार उचलला, आणि त्यात जपानमध्ये राहणारे परदेशीही होते. सिंगापूरने १०० सिंगापूर डॉलरची पर्यटन व्हाउचरं दिली ती फक्त १८ वर्षांवरच्या नागरिकांना. कायमचा परवाना घेऊन राहणाऱ्यांनाही नाही. थायलंडने खोलीभाड्याचे ४० टक्के भरण्याची योजना काढली, तीही थाई ओळखपत्र असलेल्यांनाच.

नुसत्या व्यापाराच्या नजरेने पाहिलं तरी मला हे पटत नाही. त्या वर्षी परदेशी रहिवाशाकडे पगार होता, न वापरलेली रजा होती, आणि मायदेशी जायची सोय नव्हती. आयतं गिऱ्हाईक होतं ते. देशी पर्यटक शनिवार-रविवारी गाडी काढून जवळपास जातो, त्यामुळे बँकॉकच्या माणसांनी हुआहिन, खाओ याई थोडंफार धरून ठेवलं. फुकेत विमानांवर जगतं. तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊन आठ-दहा दिवस राहणारी माणसं हवी होती.

रानवाट

उंबरठा, तुमचं दुःख कळतं, पण 'आधी रहिवासी, मग पर्यटक' हे मला सरसकट मान्य नाही.

मी त्या काळात मालदीवमध्ये एका रिसॉर्टच्या हिशेब विभागात होतो. १५ जुलै २०२० ला मालदीव सगळ्या देशांच्या पर्यटकांसाठी उघडलं, आल्यावर ३० दिवसांचा मोफत व्हिसा नेहमीसारखाच. तिथे हे जमलं कारण एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, पाहुणा गावात मिसळतच नाही. वस्तीच्या बेटांवरची गेस्टहाउसं १५ ऑक्टोबरपासून सुरू झाली. २०२१ मध्ये १३ लाखांवर पर्यटक आले आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा भारतीयांचा होता.

आता मुद्द्याचं. 'परदेशी राहणारे' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॅनेजर, शिक्षक, निवृत्त गोरा माणूस येतो. हॉटेलांत खोल्या साफ करणारा, जेटीवर सामान उचलणारा, स्वयंपाकघरात भांडी घासणारा माणूसही परदेशीच असतो. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भारत. त्याचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. हॉटेल बंद झालं की पगार गेला, पगार गेला की परमिट गेलं, आणि परत जायला विमान नाही. मार्च ते जुलै मी हे रोज पाहत होतो. कोणी अर्ध्या पगारावर राहिलं, कोणी बिनपगारी रजेवर खोलीत बसून राहिलं, कारण त्या खोलीत तरी छप्पर होतं.

त्या माणसांसाठी पर्यटक येणं म्हणजेच व्हिसा टिकणं होतं. पर्यटकाला आधी घेतलं म्हणून रहिवासी मागे पडला, असं माझ्या बेटावर झालं नाही. पर्यटक आला म्हणून रहिवासी राहू शकला.

उंबरठा

@रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले थोडी. हॉटेलातल्या माणसाचा व्हिसा हा धाग्याच्या मधोमध यायला हवा, तुम्ही आणलात ते चांगलं केलंत.

पण मालदीवची बेटं वेगळी पडली. फुकेतचं बघा. १ जुलै २०२१ ला 'फुकेत सँडबॉक्स' सुरू झाला. लस घेतलेला परदेशी पर्यटक थेट विमानाने येऊन विलगीकरणाशिवाय बेटभर फिरू शकत होता. ऑगस्टच्या सुरुवातीला साथ वाढली तेव्हा फुकेतने देशातल्या इतर प्रांतांतून येणाऱ्यांसाठी दार लावून घेतलं. सँडबॉक्स मात्र चालू राहिला. म्हणजे दुसऱ्या खंडातून येणारा चालतो आणि बँकॉकहून येणारा चालत नाही. थाई माणसालाही नाही आणि इथे कर भरणाऱ्या परदेशी माणसालाही नाही. त्याच सुमारास परदेशी रहिवाशांना लशीसाठी नाव कुठे नोंदवायचं हेसुद्धा धड कळत नव्हतं. आधी देशात राहणाऱ्या सगळ्यांना लस देऊन मग दारं उघडली असती तर तुमच्या खोल्या साफ करणाऱ्या माणसालाही ते बरंच पडलं असतं.

काजवा

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. दोन गोष्टी.

पहिली, बंद सीमांनी जीव वाचवले. न्यूझीलंडसारख्या बेटदेशात लस येईपर्यंत साथ बाहेर ठेवता आली आणि तिथले मृत्यू इतर श्रीमंत देशांच्या तुलनेत खूपच कमी राहिले. हे विसरून बोलणं मृतांवर अन्याय करणारं आहे.

दुसरी, त्याच विमानातून येणारा नागरिक आणि कायमचा रहिवासी यांच्यापासूनचा धोका सारखाच असतो. खरी अडचण होती विलगीकरणाच्या खोल्यांची आणि चाचण्यांची. खोल्या कमी असतील तर कोणाला आधी आणायचं हे ठरवावंच लागतं, पण तो निर्णय राजकीय असतो. त्याला वैद्यकीय कारणाचं लेबल लावू नये.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीच्या कलम ४३ प्रमाणे एखादा देश प्रवासात मोठा अडथळा आणणारा जादा उपाय करत असेल, म्हणजे प्रवेश नाकारणं किंवा २४ तासांहून जास्त अडवणं, तर त्याने ४८ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कारणासह कळवायचं असतं. त्या काळात अनेक देशांनी ही जबाबदारी कितपत पाळली हा प्रश्नच आहे. आणि मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या महासाथ करारातही स्पष्ट लिहिलंय की प्रवासी घ्या किंवा अडवा असा आदेश संघटना कोणत्याही देशाला देऊ शकत नाही. म्हणजे पुढच्या वेळीही हे प्रत्येक देश स्वतःच ठरवणार.

परतवारा

जपान.

३ एप्रिल २०२० पासून बंदीच्या यादीतल्या देशात गेलेल्या परदेशी रहिवाशाला परत येता येत नव्हतं. कायमचा परवाना असला तरी नाही, अपवादात्मक कारण सिद्ध केलं तरच. जपानी नागरिक मात्र चाचणी आणि विलगीकरण करून येऊ शकत होता. जी-७ देशांपैकी इतर कोणीही आपल्या कायमच्या रहिवाशांना असं बाहेर ठेवलं नव्हतं. सप्टेंबर २०२० पासून रहिवाशांना परत घेणं सुरू झालं.

माझे वडील त्या मधल्या महिन्यांत गेले. गेलो असतो तर नोकरी, घर, मुलाची शाळा सगळं इथे आणि मी तिथे, किती काळ ते माहीत नाही. गेलो नाही. बायको जपानी आहे, ती जाऊन येऊ शकली असती. सून जाऊ शकते आणि मुलगा जाऊ शकत नाही, हे आईला फोनवर कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

हिशेबनीस म्हणाले तसं, 'गो टू ट्रॅव्हल'ची सवलत मलाही मिळत होती. देशात फिरायला सरकार पैसे देत होतं. त्या योजनेवर माझा राग नाही, सरायांमधली माणसं जगली पाहिजेत. पण मी ती वापरली नाही.

काजवा

परतवारा, फार वाईट वाटलं वाचून.

दक्षिणकडा

परतवारा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. आमच्याकडेही अशी घरं आहेत.

न्यूझीलंडने १९ मार्च २०२० च्या रात्री सीमा बंद केली. नागरिक आणि कायमचे रहिवासी येऊ शकत होते, तात्पुरत्या वर्क व्हिसावरचे नाहीत. सुट्टीवर गेलेले माझ्या ओळखीतले लोक परत येऊच शकले नाहीत. इथे त्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये, सामान मित्रांच्या गॅरेजमध्ये. काहींनी फोनवरून सांगून संसार विकला.

नागरिकांचंही सोपं नव्हतं. सरकारी विलगीकरणात खोली मिळाल्याशिवाय विमानात बसता येत नसे आणि सप्टेंबर २०२१ पासून त्या खोल्यांसाठी अक्षरशः लॉटरी होती. पुढे एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं की या पद्धतीमुळे काही वेळा नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर गदा आली. नागरिकांच्या हक्कावर निकाल लागला. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना दाद मागायला तेवढंही नव्हतं.

पर्यटनाची गंमत नाही, शोकांतिका अशी की इथे पर्यटकच कामगारही असतात. वर्किंग हॉलिडे व्हिसावर आलेली तरुण पोरं क्वीन्सटाउनच्या हॉटेलांत काम करायची आणि सुट्टीत तिथेच पैसे खर्च करायची. सीमा बंद झाली आणि दोन्ही गेलं. देशात राहिलेल्यांचे व्हिसा वाढवून सरकारने त्यांना फळबागांच्या हंगामी कामाकडे वळवलं. ३१ जुलै २०२२ ला सीमा पूर्ण उघडल्या तेव्हा पाहुणे आले आणि बिछाने घालायला माणसं नाहीत. रेस्टॉरंटं आठवड्यातले काही दिवस बंद ठेवावी लागत होती.

एक चांगली गोष्ट नोंदवतो. सप्टेंबर २०२१ मध्ये देशात असलेल्या तात्पुरत्या कामगारांसाठी एकवेळचा रहिवास व्हिसा जाहीर झाला, सुमारे १ लाख ६५ हजार लोक डोळ्यांसमोर ठेवून. आमच्या घरात तो आला. पण अट 'देशात असलेले' ही होती. ज्यांना सीमेने बाहेर ठेवलं होतं त्यातले बहुतेक या हिशेबातूनही बाहेरच राहिले.

शिंपला

अमेरिकेचं. २२ जून २०२० च्या घोषणेने नव्या एच-१बी, एल-१ वगैरे नोकरीच्या व्हिसांवरचा प्रवेश वर्षअखेरपर्यंत थांबवला, मग ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढवला. कागदोपत्री हा 'नव्या' लोकांसाठी होता. प्रत्यक्षात ज्यांच्या पासपोर्टातला शिक्का संपला होता आणि जे लग्नकार्याला, आजारपणाला भारतात गेले होते तेही अडकले, कारण नवा शिक्का दूतावासातच मिळतो आणि दूतावास बंद. इकडे घराचे हप्ते चालू. नंतर ४ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्यांवर वेगळी बंदी, ती ८ नोव्हेंबरला उठली.

आणि आपल्याकडचं? त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १३ मार्च २०२० पासून भारताने जवळपास सगळे व्हिसा स्थगित केले आणि ओसीआय कार्डावरचा (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) विनाव्हिसा प्रवेशही. ७ मे ला अडकलेल्या भारतीयांना आणणारी वंदे भारत विमानं सुरू झाली. त्यात भारतीय आईबाप बसू शकत होते, पण अमेरिकेत जन्मलेलं त्यांचं तान्हं मूल नाही, कारण त्याच्याकडे अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय. नोकरी गेलेली, त्यानंतर अमेरिकेत राहायला मिळणारे ६० दिवस संपत आलेले, देश सोडायला हवा आणि मायदेश म्हणतो तुम्ही या, बाळाला आणू नका. आरडाओरडा झाल्यावर २२ मे ला अशा मुलांना, तातडीच्या कौटुंबिक कारणांना सूट मिळाली. बाकीच्या सगळ्या ओसीआयधारकांना प्रवेश खुला व्हायला ऑक्टोबर २०२० उजाडला.

पर्यटक व्हिसा भारताने सगळ्यांत शेवटी उघडला. १५ ऑक्टोबर २०२१ ला चार्टर विमानांसाठी, १५ नोव्हेंबरला बाकीच्यांसाठी. म्हणजे क्रम उंबरठा म्हणतात तसाच होता, आधी आपली माणसं. पण बाळाच्या बाबतीत तो क्रमही पासपोर्ट बघूनच लागला होता.

हिशेबनीस

याला जोडून एक. त्याच काळात श्रीमंत परदेशी माणसाला बोलावणारे नवे व्हिसा निघाले. बार्बेडोसने २०२० च्या जुलैमध्ये 'वेलकम स्टॅम्प' काढला, वर्षाला ५० हजार अमेरिकी डॉलर कमावणाऱ्याने २ हजार डॉलर भरून बारा महिने राहावं. दुबईनेही ऑक्टोबरमध्ये दुरून काम करणाऱ्यांचा वर्षाचा व्हिसा काढला. संयुक्त अरब अमिरातीने मार्चमध्ये बाहेर असलेल्या रहिवाशांचा प्रवेश थांबवला होता. जूनपासून पूर्वपरवानगी घेऊन ते परतू लागले, आणि दुबई ७ जुलैपासून पर्यटकांना खुली! तेव्हा पुष्कळ रहिवासी परवानगीच्या ईमेलची वाट बघत होते.

रानवाट

दुबईचं खरं आहे. पण तिथेही मुदत संपलेल्या व्हिसांना आणि सहा महिने बाहेर राहिलं की रहिवास रद्द होण्याच्या नियमाला त्या काळात सूट होती. नाहीतर हजारो लोकांचं परतणंच संपलं असतं. माझ्या मते सगळ्यांत चांगलं उदाहरण पोर्तुगालचं. मार्च २०२० च्या शेवटीच त्यांनी ठरवलं की रहिवासाचा अर्ज प्रलंबित आहे त्या प्रत्येकाला तूर्त कायदेशीर रहिवासी मानायचं, म्हणजे दवाखाना आणि सरकारी मदत दोन्ही मिळेल. पर्यटनावर एवढा अवलंबून असलेला देश, तरी पहिलं पाऊल हे.

उंबरठा, लस आधी आणि दार नंतर, हे मात्र मला मान्य आहे. आमच्या बेटावर तसंच व्हायला हवं होतं.

काजवा

कायद्याच्या अंगाने एक भर. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १२ सांगतं की स्वतःच्या देशात प्रवेश करण्याचा हक्क कोणाकडूनही मनमानीने काढून घेता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्येच म्हटलंय की यात फक्त नागरिक येतात असं नाही, त्या देशाशी खास नातं जोडलेले दीर्घकाळचे रहिवासीही येऊ शकतात. परतवारा यांच्यासारख्यांना मागता येईल असा आधार आहे. तो देशांच्या कायद्यांत उतरलेला नाही, तिथे जोर लावायला हवा.

पाऊलवाट_०७

सगळं वाचलं. माझा नवरा पुढच्या महिन्यात परदेशी नोकरीवर रुजू होतोय, मी आणि मुलगी नंतर जाणार. मुलगी ओसीआय आहे. पुन्हा असं काही झालं तर निदान आपल्या हातात काय आहे?

शिंपला

@पाऊलवाट_०७, शक्य असेल तर तिघांनी एकत्रच जा. २०२० मध्ये जी कुटुंबं 'तू आधी जा, आम्ही मागून येतो' म्हणाली ती सर्वांत जास्त काळ तुटली, कारण आश्रितांचे नवे व्हिसा बहुतेक ठिकाणी शेवटी सुरू झाले.

एकत्र जमत नसेल तर तुमचा आणि मुलीचा व्हिसा आत्ताच पासपोर्टात लावून घ्या, तिकीट नंतरचं असलं तरी. पण आधी एक तपासा, काही देशांत व्हिसा मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत पहिला प्रवेश करावा लागतो. लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला त्या देशाला लागतो तसा साक्षांकित करून दोन्हीकडे एकेक प्रत ठेवा. नातं सिद्ध करण्यातच लोकांचे आठवडे गेले. नवऱ्याच्या करारात, नोकरी गेली तर परतीचं तिकीट कोण देणार, हे लेखी आहे का बघा.

ओसीआय हा शेवटी व्हिसाच आहे, आजन्म असला तरी. सरकारी आदेशाने तो थांबवता येतो हे २०२० मध्ये आपण पाहिलं. तेव्हा ज्यांना सूट मिळाली त्यात 'आईवडील भारतीय नागरिक असलेली अल्पवयीन मुलं' हा गट पहिल्यांमध्ये होता. तुमचे दोघांचे भारतीय पासपोर्ट चालू स्थितीत ठेवा आणि मुलीसोबतच्या कागदांत त्यांच्या प्रती असू द्या.

उंबरठा

आणि राहत्या देशाबाहेर पाऊल टाकताना री-एंट्रीचे नियम विचारा, दोन दिवसांसाठी जात असाल तरी. इथे विमानतळावरसुद्धा ते परमिट मिळतं, पण रांग मोठी असते, वेळ हाताशी ठेवा. कोणत्या देशात जाताय ते लिहिलंत तर तिथलं कोणीतरी नक्की सांगेल.